खापरापर्यंतचं अंतर

माझा डावा डोळा दिसायला ठणठणीत आहे. बुबुळ काळंभोर, पापणी वेळच्या वेळी लवते, काजळ घातलं तर शोभतंही. फक्त त्याला दिसत नाही. लोकांची पंचाईत इथूनच सुरू होते. आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या शेजारणी माझ्या तोंडाशी तोंड आणून निरखतात आणि म्हणतात, "मॅडम, वरून तर काही समजून नाही राहिलं." मग त्यांच्यातली एखादी दोन बोटं नाचवत विचारते, "हे किती?" मी उजव्या डोळ्यानं ती दोन बोटं नीट बघते आणि "सात" म्हणून सांगते. बिचारी बोटं खाली घेते. अशा वेळी मला फार बरं वाटतं.

मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवते, हिंदीतून. घरात मराठी, वर्गात हिंदी, आणि राग आला की जी आधी तोंडाला येईल ती. वरच्या वर्गाला डोळ्याचा धडा आहे. फळ्यावर डोळ्याची आकृती काढायची, बाण मारून नावं लिहायची, मग मुलांना एक डोळा मिटून दोन पेन्सिलींची टोकं एकमेकांना लावायला सांगायचं. टोकं चुकतात, वर्ग खिदळतो, आणि मी समजावते की दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात, मेंदू त्यांचा मेळ घालतो, आणि म्हणून वस्तू किती लांब आहे ते आपल्याला कळतं. हे मी इतकी वर्षं शिकवलं की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. पण पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे मला नवरात्रात समजलं.

सकाळी घटावर फुलांची माळ बांधत होते. माळेचं टोक खिळ्यात अडकवायला गेले तर ते खिळ्याच्या अलीकडेच हवेत लोंबकळलं. पुन्हा गेले, पुन्हा तेच. चष्मा पुसला. मग उजवा डोळा हातानं झाकून बघितलं, तर देव नाही, घट नाही, माझा स्वतःचा हात नाही, नुसतं राखाडी. दुखलं मात्र काहीच नाही. माझे यजमान खाली त्यांच्या साड्यांच्या दुकानाचं शटर उघडत होते. मी वरूनच सांगितलं, "अहो, शटर परत ओढा. इंदूरला जायचंय."

इंदूरच्या डॉक्टरांनी तपासलं, धावपळ केली, सुया दिल्या आणि शेवटी समोर बसून स्पष्ट सांगितलं. डोळ्याच्या पडद्याला रक्त पोचवणारी नस बंद झाली होती. रक्तदाबाची गोळी मी अधूनमधून घेत होते, आता ती रोज. या डोळ्याचा उजेड परत येणार नव्हता. दुसरा डोळा उत्तम होता, त्याला जपायचं होतं. मी विचारलं, "आणि अंतराचं काय? मला माळ अडकवता आली नाही." ते म्हणाले, "मेंदू नवीन पद्धत शिकतो. त्याला काम देत राहा." मला तो माणूस आवडला. त्यानं कीव केली नाही, गृहपाठ दिला.

गृहपाठ सोपा नव्हता. पहिले काही आठवडे मी चहा कपाच्या शेजारी ओतला. डाव्या खांद्यानं घरातली एकूण एक चौकट मोजून झाली. जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकायचा आणि खाली अजून एक निघायची, किंवा आहे असं समजावं आणि तिथे फरशी. यजमानांनी "सांभाळून" हा एकच शब्द धरून ठेवला. मी पाणी प्यायला उठले तरी सांभाळून, बसले तरी सांभाळून. एकदा म्हटलं, "अहो, मी श्वास घेऊ का, का तोही सांभाळून?" तेव्हापासून ते मनातल्या मनात म्हणतात. ओठ हलताना मला दिसतात.

पण डॉक्टर म्हणाले ते खरं होतं. किटलीचं तोंड आधी कपाच्या कडेला टेकवायचं आणि मग ओतायचं, म्हणजे एक थेंब सांडत नाही. मान जराशी डावी-उजवी हलवली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि कोण पुढे कोण मागे ते कळतं. माझी ही मान हलवण्याची खोड वर्गात लगेच लक्षात आली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलंच, "मैडम, आप मोरनी जैसी गर्दन क्यों हिलाती हैं?" मी खडू ठेवला आणि सगळ्या वर्गाला एक डोळा झाकून मोरासारखी मान हलवायला लावली. तो तास माझ्या उभ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास झाला असं मला वाटतं.

स्कूटी चालवायची का नाही ते डॉक्टर ठरवणार होते, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी रिक्षानं गेले असते. चष्मा जाड झाला असता तरी हरकत नव्हती. पण एक गोष्ट मला कोणावर सोपवायची नव्हती, ती म्हणजे मांडे.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंब्याच्या रसाबरोबर मांडे लागतात. मांडा म्हणजे पुरणाचीच पोळी, पण ती लाटायची नाही. वस्त्रगाळ पिठाची कणीक तिंबून तिंबून रबरासारखी करायची, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, आणि फिरवत फिरवत तो कोपरापर्यंत पसरेल इतका पातळ करायचा. मग पेटत्या चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घातलेलं असतं, त्यावर तो एका झोकात टाकायचा. हात थोडा आधी सुटला तर मांडा चुलीत, थोडा उशिरा सुटला तर हात खापरावर. मी माहेरून दोन गोष्टी आणल्या असं सासरी म्हणतात, एक तोंड आणि दुसरे मांडे. तोंडाबद्दल मतभेद आहेत. मांड्यांबद्दल नाहीत. चांदनीच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे थोरले दीर आणि जाऊबाई केळी-कपाशीची शेती बघतात. दर आखाजीला सगळं घर तिथे जमतं, आणि लग्न होऊन आल्यापासून खापरापुढे मी बसत आले.

म्हणून थंडीत मी गच्चीवर तयारी सुरू केली. आधी गार माठ पालथा घातला आणि त्यावर ओला रुमाल टाकायला लागले. रुमाल माठाच्या अलीकडे पडायचा, पलीकडे पडायचा, एकदा तर शेजारच्या गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर गेला. शेजारीण म्हणाली, "मॅडम, हे काय करून राहिल्या?" मी म्हटलं, "मनातले मांडे." तिला वाटलं डोळ्याबरोबर आणखीही काही गेलं.

हळूहळू मला कळलं की पद्धतच उलटी करायला हवी. पूर्वी मी मांड्याची लांबची कड आधी टाकायचे. आता जवळची कड आधी. गुडघा चुलीच्या विटेला टेकवून बसलं की खापराची जवळची कड कुठे आहे ते गुडघ्यालाच कळतं. मनगट पुढे नेलं की धग लागते, आणि धग किती आहे त्यावरून खापर किती लांब आहे ते समजतं. जवळची कड खापराला लागली की बाकीचा मांडा सतरंजी पसरल्यासारखा पुढे सोडायचा. माघात मी गच्चीवर खरी चूल पेटवली आणि खरा मांडा टाकला. पहिले दोन फाटले. तिसरा बसला. यजमानांनी तो उभ्या उभ्या खाल्ला आणि पहिल्यांदाच मनातल्या मनातही "सांभाळून" म्हणाले नाहीत.

चैत्रात जाऊबाईंचा फोन आला. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला मास्तरीण. म्हणाल्या, "मास्तरीण, औंदा तू खापरावर नको बसू. धुराचा त्रास होईल तुह्या डोळ्याले. शहरातल्या एका बाईले सांगितलं मी, ती करून देते."

"ताई, धुराचा त्रास व्हायला तो डोळा शिल्लक कुठे आहे?"

"तसं नको बोलू," एवढंच म्हणून त्यांनी आंब्यांचा विषय काढला. ताई अशा विषय बदलणाऱ्या नाहीत. माझी लेक खंडव्याला दिलेली आहे, तिचं आणि ताईंच्या सुनेचं रोजचं बोलणं. मी लेकीला फोन लावला. ती आधी नाही नाही म्हणाली, मग म्हणाली, "आई, तू गुस्सा मत कर. मोठी आई नाही बोलली काही. ती चुलत आजी आहे ना, ती बोलली की ऐसे हाथ का नैवेद्य पितरांना नाही चालत. एक डोळा गेला म्हणजे व्यंग आलं म्हणे."

आखाजीला घागर भरतात, आणि जेवणाआधी निखाऱ्यांवर तूप सोडून पितरांच्या नावानं घास टाकतात. त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. त्या ताटातला मांडा आजवर माझ्या हातचा होता. मला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. मांडे कोण करतं हा प्रश्नच नव्हता. माझा हात घरातला राहिला की नाही, हा होता.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही गावी पोचलो. ताई परसात बसून आढीतले आंबे निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "ताई, खरं कारण सांगा."

"सांगितलं ना. धूर."

"धुरानं पितर रागावतात?"

त्यांनी हातातला आंबा खाली ठेवला. मला कोणी सांगितलं हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. तुले हे सगळं खोटं वाटते. मलेबी अर्धं खोटंच वाटते. पण सुनेचं पहिलं राहिलं नाही, तुले माहीत आहे. आता दुसरं पोटात आहे. उद्या काही झालं तर मी कोणाले विचारू?"

माझ्याकडे उत्तर होतं. नस का बंद होते, रक्तदाब काय करतो, पितरांचा त्यात काय संबंध, हे सगळं मी आकृतीसकट सांगू शकले असते. पण ताईंना आकृती नको होती. त्यांच्या सुनेचं पहिलं गेलं तेव्हा दवाखान्यात ताईंशेजारी मीच बसले होते, आणि त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आठवत होता. ज्या माणसावर चिडायचं त्याच्यावर चिडता येत नाही, याच्यासारखी अडचण नाही. मी म्हटलं, "ताई, डोळा गेला तेव्हा मी रडले नाही. आज मात्र मला फार लागलं." त्या मान खाली घालून आंबे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोकांसाठी तू कर. आगारीच्या ताटात तेवढे त्या बाईचे ठेवू."

"ठेवा," मी म्हटलं. "पण ताट वाढायच्या आधी माझे एकदा बघा."

सकाळी परसात गेले तर माझी जुनी चूल थंड होती आणि परसाला लागून असलेल्या ओसरीवर लोखंडी स्टँडवर गॅसची मोठी शेगडी मांडलेली, तिच्यावर खापर. ताईंनी ती रात्रीतून शेजाऱ्यांकडून मागून आणली होती, मला धूर लागू नये आणि वाकावं लागू नये म्हणून. मनात भीती असतानाही त्यांना हे सुचलं, त्याचं मला कौतुक वाटलं. लेकीची चुलत आजी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, बाजूला खाटेवर बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे एक टोपली स्वच्छ फडक्यानं झाकून ठेवली होती. त्यात शहरातून आलेले मांडे होते, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मी उभी राहिले, उंडा हातावर घेतला, फिरवला, पसरला. हातांनी त्यांचं काम चोख केलं. मग मनगट पुढे नेलं, अंदाज घेतला आणि सोडला. अर्धा मांडा खापरावर पडला आणि अर्धा कडेवरून खाली लोंबला. पुरण बर्नरवर गळलं, ज्योत पिवळी झाली आणि जळक्या साखरेचा वास ओसरीभर पसरला. चुलत सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं." यजमान ओसरीच्या टोकाशी होते. त्यांचे ओठ हलले.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिथल्या प्रत्येकाच्या मनात आली असणार. माझ्याही आली. एक क्षण मला खरंच वाटलं की गच्चीवरचे मांडे हा योगायोग होता आणि आता मुकाट्यानं टोपलीवरचं फडकं काढावं. पण मी वर्गात मुलांना सांगते की प्रयोग फसला तर आधी रडू नका, काय बदललं ते बघा. मी बघितलं. मी उभी होते, म्हणून गुडघ्याला वीट नव्हती. गॅसची धग सरळ वर जात होती, मनगटापर्यंत येतच नव्हती. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून मी अंतर मोजायला शिकले, त्या दोन्ही माझ्या सोयीसाठी काढून घेतल्या होत्या. अंगण खरोखरच वाकडं होतं.

"ताई," मी म्हटलं, "खापर खाली घ्या. परसातल्या चुलीवर. आणि पऱ्हाट्या आणा."

"धूर होईल."

"होऊ द्या. मी वाऱ्याकडे पाठ करून बसते."

ताईंनी एकदा माझ्याकडे, एकदा खाटेकडे बघितलं. मग पदर खोचला, दोन्ही हातांत जाड फडकी घेतली आणि खापर स्वतः उचलून परसात नेलं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरभर पेटतात. खापर तापलं. मी पाटावर बसले, गुडघा विटेला टेकवला, मान मोरासारखी हलवली. ताईंच्या सुनेला हसू आलं, तिनं ते पदराआड दाबलं. मनगट पुढे नेलं तर ओळखीची धग लागली. जवळची कड टेकवली आणि मांडा पुढे सोडला.

तो खापरावर असा बसला की एक सुरकुती नाही. मला इतका आनंद झाला की मी काही बोललेच नाही, आणि माझ्या बाबतीत ही बातमी आहे. ताई नेहमीसारख्या समोर बसल्या, भाजलेला मांडा उलटायला आणि चौघडी घालायला. दुसरा टाकला, तिसरा टाकला. पुरण कडेपर्यंत सारखं पसरलेलं होतं, पापुद्रा फुगत होता, बदामी ठिपके येत होते. मांड्यांची चळत वाढत गेली आणि आम्ही दोघी इतकी वर्षं जशा बोलत आलो तशाच बोलायला लागलो, आंब्यांबद्दल, केळीच्या भावाबद्दल, यंदा लेक किती बारीक झाली त्याबद्दल. टोपलीबद्दल कोणीच बोललं नाही.

मग ओसरीवरून दिरांनी हाक मारली. निखारे तयार होते. ताट हवं होतं.

ताई उठल्या. ताटात भात, कुरडई, भजी, रसाची वाटी आधीच वाढलेली होती, मधली जागा मोकळी. ते ताट घेऊन त्या टोपलीपाशी गेल्या आणि फडकं बाजूला केलं. मी मान वळवून नीट बघितलं. खोटं कशाला बोलू, मांडे चांगले होते. त्या बाईचा हात चांगला होता. ताई तशाच उभ्या राहिल्या. सून दाराच्या चौकटीला टेकून होती, पोटावर हात ठेवून. मी उंडा हातात धरून बसले होते आणि मला कळत होतं की आता माझ्या हातात काही नाही. मांडे मी करून दाखवले, पुढचं ताईंचं होतं.

त्यांनी फडकं परत टोपलीवर ओढलं. माझ्या चळतीपाशी येऊन वाकल्या आणि सगळ्यात वरचा, गरम मांडा उचलून ताटाच्या मध्ये ठेवला.

"अगं, तो नव्हे," खाटेवरून आवाज आला.

"काकू," ताई म्हणाल्या, "पितर इतकी वर्षं हिच्याच हातचं खाऊन राहिले. आज परक्या हातचं पुढे ठेवलं तर ते विचारतील, ती कुठे गेली."

चुलत सासूबाईंनी तोंड दुसरीकडे केलं. ताई ताट घेऊन दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"भेव गेलं नाही मास्तरीण. अजून आहे मले. पण ताट हेच जाईल."

मी मान डोलावली. त्या ओसरीवर गेल्या, आणि खापर तापलेलं होतं म्हणून मी हातातला उंडा फिरवायला घेतला.